कलरमधला यू कुठे गेला?

असं समजा, पाचवीतल्या एका मुलीने आवडत्या रंगावर इंग्रजीत पाच वाक्यं लिहिली. कलरचं स्पेलिंग तिने सी-ओ-एल-ओ-आर असं लिहिलं. बाईंनी तांबड्या पेनने त्याला गोल केला आणि आरच्या आधी एक यू घातला. संध्याकाळी तीच वाक्यं ती वडिलांच्या मोबाईलवर टाइप करायला बसली, बाईंनी सांगितलेला यू आठवणीने घालून. मोबाईलने नेमकी त्याच शब्दाखाली तांबडी नागमोडी रेघ ओढली. मुलगी विचारते, "पप्पा, बाई चुकल्या की मोबाईल?"

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या नेसरीसारख्या गावात आता घरोघरी मोबाईल आहे आणि पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे हा प्रश्न कुणालाही पडू शकतो. उत्तर असं की दोघांपैकी कुणीच चुकलेलं नाही. बाई ब्रिटिश स्पेलिंग सांगत होत्या, मोबाईल अमेरिकन स्पेलिंग मानत होता. पण एवढ्यावर मुलीचं समाधान होणार नाही, आणि होऊही नये. एकाच शब्दाची दोन स्पेलिंगं कशी? आणि ती ठरवली कुणी?

या प्रकरणात स्पेलिंगं शाळेत म्हणतो तशी अक्षरं सुटी करून दिली आहेत. मनातल्या मनात म्हणून पाहिलीत तर फरक चटकन कानात बसेल.

१. आधी आपल्या घरात डोकावू

आजोबांच्या जुन्या ट्रंकेत एखादं पत्र सापडलं तर त्यात 'नांव', 'गांव', 'पांच' असं लिहिलेलं दिसेल. नातू 'नाव', 'गाव', 'पाच' लिहितो. आजोबा अशुद्ध लिहीत होते असं कुणी म्हणणार नाही. मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे नवे नियम केले, 1962 साली ते सरकारमान्य झाले आणि ज्याचा उच्चार होत नाही तो अनुस्वार लिहिण्यातून गेला. आजोबांची शाळा त्याआधीची, नातवाची नंतरची, इतकाच फरक.

दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्याच्याच नावाची. मराठीत आपण 'कोल्हापूर' लिहितो, 'पू' दीर्घ. हिंदीवाला 'कोल्हापुर' लिहितो, 'पु' ह्रस्व. शब्द तोच, गाव तेच, लिपीही तीच. मराठीत गावाच्या नावातला 'पूर' दीर्घ लिहायचा असा नियम आहे. हिंदीने तो केलेला नाही. दोघंही आपापल्या घरात बरोबर आहेत.

या दोन उदाहरणांत पुढच्या सगळ्या गोष्टीचं बीज आहे. बोली तोंडातून येते, पण तिचं लेखन कुणीतरी ठरवावं लागतं. ठरवणाऱ्याचा शब्द जिथवर चालतो तिथवर ते लेखन 'शुद्ध'. इंग्रजीचंही असंच झालं, फक्त तिथे ठरवणारे समुद्राच्या दोन तीरांवर बसले होते.

२. एक कोशकार लंडनचा, एक अमेरिकेचा

शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला मोठा संग्रह 1623 साली छापला गेला. त्या एकाच पुस्तकात 'ऑनर' हा शब्द कुठे यू घालून आहे, कुठे यू न घालता. त्या काळी याचं कुणाला काही वाटत नसे. कधीकधी ओळीत बसावं म्हणूनही छापणारे अक्षरं कमीजास्त करत.

मग 1755 साली सॅम्युअल जॉन्सनचा इंग्रजी शब्दकोश लंडनमध्ये आला. जॉन्सनला शब्दाची वंशावळ महत्त्वाची वाटे. कलरसारखे शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले आहेत, म्हणून त्यांच्या अंगावर फ्रेंच खूण राहावी, अशी त्याची ओढ होती. तिथे यू पक्का झाला. 'म्युझिक'च्या शेवटी तो सी लिहून वर एक के-ही लावत असे. एवढ्या मोठ्या कोशातही विसंगती होत्याच: 'अपहिल'मध्ये दोन एल, आणि त्याचाच भाऊ 'डाउनहिल' मात्र एका एलवर. एकट्या माणसाने डोंगराएवढं काम उपसलं, तर असं व्हायचंच. पण कोशाचा दरारा इतका की पुढच्या पिढ्यांनी तो प्रमाण मानला.

तिकडे अमेरिकेने 1776 साली स्वातंत्र्य जाहीर केलं. नोआ वेब्स्टर हा तिथला शाळामास्तर. त्याचं म्हणणं असं की राज्य आपलं झालं, मग मुलांच्या हातात स्पेलिंगचं पुस्तक तरी आपलं का नको? त्याचं पहिलं स्पेलिंगचं पुस्तक 1783 साली निघालं. निळ्या पुठ्ठ्याचं ते पुस्तक पुढे कोट्यवधी प्रतींनी खपलं. 1789 साली त्याने लिहिलं की मुकी अक्षरं काढून टाकली तर अठरा पानांमागे एक पान वाचेल. कागद वाचेल, छपाई स्वस्त होईल आणि मुलांचे हाल कमी होतील, असा हा मास्तरी हिशेब होता. 1806 साली त्याने छोटा शब्दकोश काढला आणि 1828 साली सुमारे 70,000 शब्दांचा मोठा. अमेरिकेतल्या शाळांत आणि छापखान्यांत आज जे स्पेलिंग चालतं त्याचा पाया या पुस्तकांनी घातला.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अमेरिकेने शब्दाची मोडतोड केली, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. पण मूळ लॅटिन शब्द आहे सी-ओ-एल-ओ-आर. त्यात यू नाही. तो फ्रेंचांच्या घरी राहून आल्यावर चिकटला. म्हणजे वंशावळच काढायची तर वेब्स्टरचं स्पेलिंग पणजोबांशी जुळतं आणि जॉन्सनचं आजोबांशी.

वेब्स्टरची सगळी स्पेलिंगं लोकांनी घेतली असंही नाही. 'टंग', म्हणजे जीभ, तो टी-यू-एन-जी लिहायचा. 'विमेन'साठी त्याने डब्ल्यू-आय-एम-ई-एन सुचवलं होतं. उच्चाराच्या दृष्टीने दोन्ही अगदी सरळ, तरी लोकांनी ती बाजूला ठेवली. उलट 'म्युझिक'च्या शेपटाचा के त्याने काढला आणि तो इंग्लंडमध्येही टिकला नाही. लिहिणाऱ्यांच्या हाताला जे पटतं ते राहतं. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनाही हा अनुभव आला. 1906 साली त्यांनी सरकारी छापखान्याला 300 शब्द सोप्या स्पेलिंगात छापायला सांगितले. तिथल्या संसदेने विरोध केला आणि काही महिन्यांतच तो हुकूम मागे घ्यावा लागला.

३. पाच शब्दांचा हिशेब

आता पाटीवर मांडून बघू. कलर, सेंटर, टायर, चेक (बँकेचा) आणि प्रोग्राम हे पाच शब्द घ्या.

ब्रिटिश पद्धतीने: सी-ओ-एल-ओ-यू-आर, सहा अक्षरं. सी-ई-एन-टी-आर-ई, सहा. टी-वाय-आर-ई, चार. सी-एच-ई-क्यू-यू-ई, सहा. पी-आर-ओ-जी-आर-ए-एम-एम-ई, नऊ. एकूण 31.

अमेरिकन पद्धतीने: सी-ओ-एल-ओ-आर, पाच. सी-ई-एन-टी-ई-आर, सहा. टी-आय-आर-ई, चार. सी-एच-ई-सी-के, पाच. पी-आर-ओ-जी-आर-ए-एम, सात. एकूण 27.

पाच शब्दांत चार अक्षरं वाचली. बहुतेक शब्द दोन्हीकडे सारखेच असतात, म्हणून सबंध पानावर इतकी बचत होत नाही. पण वेब्स्टरच्या डोक्यात काय होतं ते यातून कळतं. सेंटर आणि टायर या दोघांत मात्र एकही अक्षर वाचलेलं नाही. सेंटरमध्ये शेवटच्या दोन अक्षरांनी जागा बदलल्या, टायरमध्ये वायच्या जागी आय आला.

'लायसन्स'ची गोष्ट वेगळी. ब्रिटिश पद्धतीत खिशातलं लायसन्स शेवटी सी-ई, आणि परवाना देण्याची क्रिया शेवटी एस-ई. अमेरिकेत दोन्हीकडे एस-ई. लक्षात राहत नसेल तर 'अॅडव्हाइस' आणि 'अॅडव्हाइझ' आठवा. सल्ला, म्हणजे नाम, त्यात सी. सल्ला देणं, म्हणजे क्रिया, त्यात एस. तिथे उच्चारच वेगळा असल्याने चूक होत नाही. तोच धागा लायसन्सला लावायचा. आपला 1988 चा मोटार वाहन कायदा 'ड्रायव्हिंग लायसन्स' सी घालूनच लिहितो.

शब्दात झेड दिसला की अमेरिकन, एस दिसला की ब्रिटिश, असं क्लासमध्ये शिकवतात. ते पुरतं खरं नाही. ऑक्सफर्डचा मोठा शब्दकोश इंग्लंडचाच, पण 'ऑर्गनाइझ'सारख्या शब्दांत तो झेड पसंत करतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं इंग्रजी नाव पाहा: 'लेबर'मध्ये यू आहे आणि लगेच पुढे 'ऑर्गनायझेशन'मध्ये झेड आहे. दोन्ही एकाच पाटीवर, आणि दोन्ही बरोबर.

४. ज्याच्याकडून शिकलात, त्याचं स्पेलिंग

ब्रिटिशांचं राज्य जिथे होतं तिथे यू राहिला. फिलिपीन्समध्ये 1898 नंतर अमेरिकेचा अंमल आला, तिथे यू नाही. मध्येच बसलेला कॅनडा दोघांचंही ऐकतो. ओटावा शहरात 'कॅनेडियन टायर सेंटर' नावाचं मोठं क्रीडागृह आहे. त्यातला टायर आय घालून, म्हणजे अमेरिकन, आणि सेंटर शेवटी आर-ई, म्हणजे ब्रिटिश. टोरोंटोकडे स्थायिक झालेल्या नातेवाइकांच्या इंग्रजीत दोन्ही धाटण्यांची सरमिसळ दिसली तर ती त्यांची गफलत समजू नका. तिथली रीतच ती. ऑस्ट्रेलियात 'लेबर' हा शब्द एरवी यू घालून लिहितात, पण लेबर पक्षाच्या नावात यू नाही.

आणि आपण? अमेरिकन मास्तर आपल्याकडे फार लवकर आले होते. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 साली मुंबईत उतरले. त्यांनी 1842 साली अहमदनगरला 'ज्ञानोदय' सुरू केलं. 1852 साली रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले आणि त्यांनी शाळा काढल्या. तरीही आपलं स्पेलिंग अमेरिकन झालं नाही. कचेरी ब्रिटिशांची होती, मुंबई विद्यापीठ 1857 साली निघालं तेही लंडनच्या नमुन्यावर, आणि नोकरी मिळायची ती त्याच परीक्षा पास होऊन. मास्तर कुठलाही असो, पेपर तपासणारा ज्या स्पेलिंगला मार्क देतो तेच मूल शिकतं. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला हातात धरून इंग्रजी शिकलेल्या पिढ्याही यू घालूनच लिहीत आल्या.

अमेरिकन स्पेलिंग खरं आलं ते कॉम्प्युटरवर बसून. वेबसाइट बनवायला शिकणाऱ्या मुलाला रंग द्यायचा तर सी-ओ-एल-ओ-आर असंच लिहावं लागतं. यू घातला तर यंत्राला आज्ञाच कळत नाही, रंग बदलत नाही. म्हणून बाजारात एक झेरॉक्स सेंटर टी-आर-ई आणि त्याच्या शेजारचं कॉम्प्युटर सेंटर टी-ई-आर, अशा दोन पाट्या एकाच भिंतीवर दिसतात.

कोल्हापूरच्या फौंड्रीत तर हा फरक रोजचा. गडहिंग्लज, आजरा, चंदगडकडची कितीतरी पोरं शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला आहेत. ओतकामाचं साधं लोखंड म्हणजे ग्रे आयर्न. भारतीय मानक क्रमांक 210 मध्ये हा 'ग्रे' जी-आर-ई-वाय असा आहे. अमेरिकन मानक ए-48 मध्ये तोच जी-आर-ए-वाय. आपल्याकडच्या कागदावर 'मोल्ड'मध्ये यू असतो, अमेरिकन गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगवर नसतो. 'गेज'मधला यूही तिकडे कधीकधी गळतो. नवा पोरगा ड्रॉइंग हातात घेतो आणि थबकतो, हे वेगळंच लोखंड की काय? लोखंड तेच, भट्टी तीच. ड्रॉइंग कुठून आलं तेवढं त्या एका अक्षरातून कळतं.

भारतीय इंग्रजीने काही शब्दही आपले म्हणून जपले. गॅरेजवाला जादा चाकाला 'स्टेपनी' म्हणतो. वेल्समधल्या लानेली गावात 'स्टेपनी स्ट्रीट' नावाचा रस्ता आहे. तिथल्या डेव्हिस बंधूंनी 1904 साली जादा चाक बाजारात आणलं आणि त्याला रस्त्याचं नाव दिलं. आजच्या इंग्रज माणसाला हा शब्द सांगितला तर बहुधा कळणार नाही. नेसरीच्या स्टँडवर कुणालाही विचारा, बरोबर चाक दाखवील.

५. कोल्हापूरचा पूर: पी-ओ-ओ-आर की पी-यू-आर?

आतापर्यंत इंग्रजी शब्द पाहिले. पण आपल्याला स्पेलिंग खरं अडतं ते आपल्याच नावांत, कारण तिथे ध्वनी मराठी असतो आणि अक्षरं रोमन.

कोल्हापूरचे राजाराम महाराज 1870 साली युरोपला गेले आणि परत येताना इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात वारले. वय अवघं वीस वर्षांचं. त्यांची इंग्रजीत लिहिलेली प्रवासाची रोजनिशी 1872 साली लंडनमध्ये छापली गेली. त्या पुस्तकाच्या नावात कोल्हापूरचा 'पूर' पी-ओ-ओ-आर असा आहे. पुढे 1886 साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा कोल्हापूर खंड निघाला. त्यात तो पी-यू-आर झाला होता, आणि 'हा'च्या ए-वर एक तिरपी रेघ होती. चौदा वर्षांत असं काय घडलं?

आधीचे साहेब कानाने लिहीत. इंग्रजाला 'ऊ' ऐकू आला की तो दोन ओ लिहिणार, 'ई' ऐकू आली की दोन ई. आपला 'अ' त्याला 'कप'मधल्या यूसारखा वाटे, म्हणून पंजाबात यू बसला तो आजतागायत. अशा पद्धतीत दहा साहेब दहा स्पेलिंगं लिहिणार. टपाल, रेल्वे, जनगणना अशी कामं वाढली तेव्हा हा घोळ परवडेना. मग विल्यम हंटर यांची पद्धत सरकारने घेतली: देशी अक्षरामागे एक ठरलेलं रोमन अक्षर. 'अ'ला ए, 'आ'ला रेघ असलेला ए, 'उ'ला यू. ही रेघ रोजच्या छपाईतून पुढे गळून गेली आणि आपल्या हाती आलं आजचं स्पेलिंग. 'अ' आणि 'आ' या दोघांनाही एकच ए उरला, ही आपली कायमची डोकेदुखी तिथली.

काही नावं मात्र जुन्या रूपातच घट्ट बसली. टिळक-आगरकरांच्या मंडळींचं इंग्रजी पत्र 1881 साली निघालं, त्याच्या 'मराठा' नावात एम-एच्या मागोमाग एच आहे आणि पुढे दोन टी. बेळगावात केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीचं नावही पूर्वी असंच लिहीत. स्वातंत्र्यानंतर ते आजच्यासारखं झालं. खुद्द बेळगावच्या जुन्या स्पेलिंगाच्या शेवटी एम होता. तो आला आजोबांच्या 'गांव'मधल्या अनुस्वारामुळे. नाकातला उच्चार साहेबाने एमने दाखवला. मराठीतून तो अनुस्वार गेल्यावरही इंग्रजी पाटीवर एम टिकून राहिला. 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं, तेव्हा तो एम सरकारी कागदावरून गेला.

६. नेसरीत एस नंतर ए आहे का?

24 फेब्रुवारी 1674 रोजी प्रतापराव गुजर ज्या खिंडीत पडले ती पाहायला दूरदूरची माणसं नेसरीला येतात. नकाशावर गाव शोधताना कुणी एन-ई-एस-ए-आर-आय टाइप करतं, कुणी मधला ए गाळतं. दोन्ही स्पेलिंगं चालतात. असं का?

'नेसरी' हा शब्द मोठ्याने म्हणा. 'नेस' आणि 'री', दोनच ठोके पडतात. लिहिताना 'स' पूर्ण आहे, बोलताना त्यातला 'अ' आपण गिळतो. 'आसरा', 'दुसरी' म्हणून बघा, तिथेही तेच. ही मराठीची सवय इतकी अंगवळणी पडली आहे की ती आहे हे आपल्याला जाणवतच नाही. इंग्रजीत लिहायची वेळ आली की दोन वाटा फुटतात: लिहितो तसं लिहिलं तर ए येतो, बोलतो तसं लिहिलं तर ए जातो. 'भोसले' या आडनावाचंही हेच आहे. आशाताईंच्या नावात एस नंतर लगेच एल आहे. आपल्या गावाकडच्या कितीतरी भोसल्यांच्या कागदांवर मध्ये ए आहे.

नीट पाहिलंत तर ही जॉन्सन आणि वेब्स्टरचीच गोष्ट आहे. एक लेखनाला धरून राहतो, दुसरा कानाला. माझं मत विचाराल तर नेसरीत ए ठेवावा. रोमन स्पेलिंग वाचून पुन्हा देवनागरीत लिहिणाऱ्या परगावच्या माणसाला ए नसेल तर 'नेस्री' असं जोडाक्षर सुचेल, आणि आपल्या गावाच्या पाटीवर ते कधीच नव्हतं.

७. मग लिहायचं काय?

शाळेच्या वहीत आणि परीक्षेत यू घाला. आपली पाठ्यपुस्तकं ब्रिटिश धाटणीची आहेत. मोबाईलच्या सेटिंगमध्ये कीबोर्डची भाषा 'इंग्लिश (इंडिया)' अशी निवडा, म्हणजे त्या मुलीच्या शब्दाखालची तांबडी रेघ जाईल. कंपनीतला कागद असेल तर गिऱ्हाइकाचं स्पेलिंग पाळा. आणि काहीही लिहा, एका कागदावर एकच पद्धत ठेवा. अर्जाच्या पहिल्या ओळीत एक आणि शेवटच्या ओळीत दुसरी, याला मात्र चूकच म्हणतात.

नावांच्या बाबतीत अजून सांभाळायला हवं. कलरमधला यू गेला तर फार तर अर्धा मार्क जातो. दाखल्यावर भोसलेत ए आणि आधार कार्डावर नाही, असं झालं तर पासपोर्टच्या वेळी, भरतीच्या वेळी, पेन्शनच्या वेळी प्रतिज्ञापत्रं करत फिरावं लागतं. नाहीतर राजपत्रात नाव छापून आणावं लागतं, ज्याला आपण 'गॅझेट करणं' म्हणतो. यात मुलाचा काही दोष नसतो. पहिलीच्या प्रवेशाला कुणीतरी घाईत फॉर्म भरलेला असतो.

जून महिन्यात पोराला शाळेत घालायला जाल तेव्हा त्याचं नाव, तुमचं नाव, आडनाव आणि गावाचं नाव इंग्रजीत एका कागदावर लिहून न्या. जन्माच्या दाखल्याशी आणि आधार कार्डाशी ते अक्षर अन् अक्षर ताडून बघा, आणि फॉर्मवर सही त्यानंतरच करा.